कुंदाचा विमा

शारजा, शनिवार, २ सप्टेंबर २०००

दीड दिवसाचे गणपती आज संध्याकाळी बादलीत गेले. खाडी हाकेच्या अंतरावर असून बादली! पण इथे असंच करायचं, असं श्रीरंग म्हणाला, आणि घर त्याचं आहे.

जेवताना त्यानं विषय काढला. "बाबा, तुमचा दोघांचा रेसिडन्स स्टँप झाला, ते टेन्शन गेलं. आता फक्त मेडिकल कव्हरचं बघायला लागेल. माझ्या कंपनीच्या पॉलिसीत सुजाता आणि मिहिका आहेत, पेरेंट्स नाहीत. उद्या आईला किंवा तुम्हाला प्रायव्हेटमध्ये ॲडमिट करायची वेळ आली, तर मला झेपणार नाही. खरं सांगतो. मग नाशिकला परत जायला लागेल."

पोराचा स्पष्टपणा मला आवडला. कुंदाला नाही आवडला. मिहिकाच्या पानात वाढायला घेतलेला मोदक तिच्या हातातच राहिला. आठ वर्षांच्या नातीला आजीची सवय लागली आहे आणि आजीला नातीची त्याहून जास्त. नाशिकच्या रिकाम्या फ्लॅटचं नाव काढलं की हल्ली तिचा चेहरा उतरतो.

"अजिबात काळजी करू नका," मी जाहीर केलं. "सगळी नोकरी विमा कंपनीत काढली. हजारो लोकांचे क्लेम पास केले आणि नापासही केले. घरच्या दोन माणसांचं कव्हर मला जमणार नाही? आजपासून हे खातं माझ्याकडे."

"झालं," कुंदा म्हणाली. "घराचं ऑफिस झालं."

तिला टोमणा मारायचा होता, पण मला तो मान वाटला. श्रीरंगच्या ऑफिसातून आलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. ती आता कामाला लावतो.

बुधवार, ६ सप्टेंबर

सगळे पर्याय तपासून झाले. आमची मेडिक्लेम भारतात चालते, इथे तिचा उपयोग शून्य. इथल्या खासगी कंपन्या पासष्टच्या पुढचा नवा माणूस घेत नाहीत, म्हणजे सदुसष्टचा मी बाद. मला राग आला नाही. त्यांच्या खुर्चीत मी असतो तर मीही मला घेतलं नसतं. पण कुंदा बासष्टची आहे. ती बसते.

आज तिला घेऊन इथल्या रोला भागात मुश्ताक नावाच्या विमा एजंटकडे गेलो. चुणचुणीत माणूस. "गुप्ते साहब, मॅडम का हो जाएगा," तो म्हणाला. "बस, फॉर्म क्लीन चाहिए. हार्ट, बीपी, शुगर, कुछ नहीं. और लास्ट सिक्स मंथ में किसी डॉक्टर को दिखाया नहीं होना चाहिए." वर्षाचा हप्ता दोन हजार दिऱ्हम. "म्हणजे पंचवीस हजार रुपये!" असं मी मोठ्यानं म्हटल्यावर कुंदानं मला चिमटा काढला.

सहा महिन्यांची अट आली तिथे माझा अनुभव कामाला आला. मेच्या मध्याला कुंदा नाशिकला आपल्या डॉक्टरांकडे गेली होती, खोकला आणि चक्कर म्हणून. त्यांनी छातीचा फोटो आणि कार्डिओग्राम काढायला सांगितला होता, पण आमची निघायची गडबड होती, ते राहून गेलं. बरंच झालं राहून गेलं. मेपासून सहा महिने म्हणजे नोव्हेंबरचा मध्य. तोवर कुंदानं कुठल्याही डॉक्टरची पायरी चढायची नाही, की मग फॉर्म धुतल्या तांदळासारखा.

परत आलो तर लिफ्ट बंद. दोनच मजले, पण कुंदा मधल्या वळणावर पायरीवर बसली. चपलेचा अंगठा रुततो म्हणाली. तेवढ्या वेळात मी तिला मुद्दा समजावून सांगितला. मी खोटी सही करणार नाही, हे तिला माहीत आहे. खोट्या फॉर्मवरचे क्लेम मी स्वतः परत पाठवलेत, विधवांचेसुद्धा. पण खरं म्हणजे काय, ते विम्याच्या भाषेत समजून घ्यायला हवं. डॉक्टर कागदावर लिहीत नाही तोवर आजार हा आजार नसतो. तोवर तो नुसता थकवा असतो, आणि थकवा कोणाला येत नाही?

"कळलं," कुंदा म्हणाली. इतक्या लवकर तिला माझं म्हणणं कधी पटत नाही.

शनिवार, ९ सप्टेंबर

शेजारची बिलकीस खिमट घेऊन आली होती, मिहिकाच्या सर्दीसाठी. मूळची रत्नागिरीकडची, नवरा जहूर स्पेअरपार्टच्या धंद्यात. बोलायला मोकळी आहे, जरा जास्तच.

"काका, एवढी डोकेफोड कशाला? हेल्थ कार्ड काढा ना. व्हिसा झालाय तुमचा. माझ्या सासूबाईंचं, ताजबींचं, सगळं सरकारी हॉस्पिटलातच झालं. मोतीबिंदू, शुगर, सगळं. जायचं, नंबर लावायचा, खलास!"

"कार्डावर विम्याची रक्कम किती लिहिलेली असते?" मी विचारलं.

"रक्कम कसली? फोटो असतो."

"अटी? अपवाद? कुठले आजार वगळलेत?"

"तसलं काही नसतं काका. आजारी माणूस आला की बघतात."

मी हसू आवरलं. ज्या कव्हरला अटी नाहीत ते कव्हर कसलं? मिळालं तर मिळालं, असल्या भरवशावर मी बायकोला सोडणार नाही. शिवाय तिथे गेलं की कोणीतरी काहीतरी लिहून ठेवणार, आणि मुश्ताकचा फॉर्म तिथेच मेला. मी बिलकीसला हे नीट समजावलं. ती "इन्शाल्ला, काका" एवढंच म्हणाली. कुंदानं मात्र तिला विचारलं, "तिथे बायकांची रांग वेगळी असते का गं?" बायकोला जगात कुठल्याही गोष्टीची चौकशी रांगेपासून करायची सवय आहे.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

सुट्टी म्हणून सगळे उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर गेलो. सुंदर, शांत जागा. मिहिका पाण्यात नाचत होती आणि आजीला बोलावत होती. कुंदा घडीच्या खुर्चीवरून उठली नाही. वाळू तापली आहे म्हणाली. सूर्य मावळला होता तरी.

परतीच्या वाटेवर जॅममध्ये मिहिका म्हणाली, "आजोबा, डू यू नो, आजी स्लीप्स सिटिंग अप? लाइक ऑन द प्लेन."

"एसीचा वारा लागतो म्हणून," मी सांगितलं.

"बट शी कफ्स ऑल द टाइम वेन शी लाइज डाउन."

"एसीच," मी म्हटलं. सुजाता आरशातून माझ्याकडे बघत होती. सून गुणी आहे, पण सारखी काळजी करते.

हेही नोंदवून ठेवतो. कुंदाच्या पायांना सूज येते आणि पाटल्या आता साबण लावूनही निघत नाहीत. कारण उघड आहे. इथलं लोणचं, पापड, खारवलेले मासे. उद्यापासून मीठ निम्म्यावर आणि लोणचं बंद. घरात कोणीतरी शिस्त लावायला हवी.

बुधवार, ४ ऑक्टोबर

कुंदा आणि बिलकीस सकाळी खाडीवरच्या मासळीबाजारात गेल्या त्या दुपारी उगवल्या. हातात मासळी नाही. गेल्या आठवड्यातही हेच. विचारलं तर म्हणे, पापलेट ताजं नव्हतं. दोन बायका सबंध सकाळ शिळ्या पापलेटाकडे बघत उभ्या होत्या काय? कुंदाच्या कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी होती. बिलकीसच्या मांजरानं ओरखडलं म्हणाली. बिलकीसकडे मांजर आहे हे मला आजच कळलं.

पण आजचा दिवस चांगला गेला, कारण लग्नानंतर पहिल्यांदा कुंदानं विम्यात रस घेतला. चहा घेताना आपणहून विचारलं, "अहो, त्या फॉर्मवर सही कोणाची असते?"

"माझी. प्रपोजर, म्हणजे अर्ज करणारा, मी."

"आणि समजा, एखादी गोष्ट तुम्हाला माहीतच नाही. मग तुमची सही खोटी ठरते का?"

मला फार बरं वाटलं. नव्या पोरांना हा मुद्दा समजावताना मी घसा कोरडा करायचो. "मुळीच नाही," मी सांगितलं. "फॉर्ममध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं, माझ्या माहितीप्रमाणे. जे माहीत नाही, त्याची जबाबदारी नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि माझ्या कपात अर्धा चमचा साखर जास्त घातली.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

काल लक्ष्मीपूजन झालं. लिहिण्यासारखी गोष्ट ही, की माझ्या उपायाला यश आलं. कुंदाची सूज उतरली, चेहऱ्यावर तजेला आला. परवा लिफ्ट बंद असताना दोन्ही मजले चढली, फक्त एकदा थांबली. चकल्यांचा घाणा उभ्यानं काढला. पाटल्या पुन्हा हातात फिरताहेत. दर तासाला बाथरूमला जाते तेवढं खटकतं, पण चहा जास्त होतोय, तोही कमी करायला सांगितला.

फराळ करताना मी श्रीरंगला म्हटलं, "बघितलंस? औषध नाही, डॉक्टर नाही. मीठ निम्म्यावर, बस्स. आता नोव्हेंबरात फॉर्म भरायला हरकत नाही."

"मानलं बाबा तुम्हाला," श्रीरंग म्हणाला आणि चिवड्याची ताटली घेऊन आत गेला. सुजाताला एकदम ठसका लागला. कुंदा तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिली, पण माझ्याकडे बघेना.

शनिवार, १८ नोव्हेंबर

आजचं कसं लिहू? पण लिहितो, कारण हे खातं मीच मागून घेतलं होतं.

मुश्ताक संध्याकाळी घरी आला. मी एकेक रकाना वाचत होतो, तो भरत होता. हार्ट, नाही. श्वास, नाही. गेल्या सहा महिन्यांत डॉक्टर, नाही. छाती फुगवून मी सही ठोकली. इतका स्वच्छ फॉर्म मी कारकिर्दीत फार थोड्यांचा पाहिला असेल.

"अब मॅडम का सिग्नेचर, इधर," मुश्ताक म्हणाला.

"त्यांची कशाला?"

"साहब, इन्शुअर्ड वो हैं ना. उनको भी डिक्लेअर करना पडता है."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्या कंपनीत नवऱ्याच्या एका सहीवर सगळं चालायचं. असो, मी कुंदाला हाक मारली आणि पेन पुढे केलं.

ती हात पुसत आली. फॉर्मकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पेन घेतलं नाही. "मी नाही करणार सही."

"अगं, नुसतं नाव लिही. सगळं खरं आहे."

"तुमचं खरं आहे," ती म्हणाली. "माझं नाही होणार." मग मुश्ताकसमोरच, चहाचा कप त्याच्या हातात देत, सांगून टाकलं. "माझ्या हृदयाची झडप आकसली आहे. दोन महिने झाले, सरकारी हॉस्पिटलात जाते. श्रीरंगनं कार्ड काढून दिलं, बिलकीस बरोबर येते. गोळ्या चालू आहेत."

मी श्रीरंगकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. सुजातानं मिहिकाला आत नेलं. म्हणजे सबंध घराला माहीत होतं, शेजारणीला माहीत होतं. या घरात कुंदाच्या प्रकृतीचा अभ्यास करणारा एकच माणूस, आणि त्यालाच पत्ता नाही.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलो. परक्या माणसासमोर ओरडलो.

"तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही सही केली नसती," कुंदा शांतपणे म्हणाली. "खोटं तुमच्या हातून होत नाही. म्हणून तुम्हाला कळूच द्यायचं नाही असं मी ठरवलं. तुमची सही खरी राहिली असती आणि मला इथे राहता आलं असतं. माझी सही लागते हे मला कुठे माहीत होतं? आता मला माहीत असताना मी कशी लिहू, की काही नाही म्हणून?"

मुश्ताकनं चहा संपवला, फॉर्म फाडून खिशात घातला आणि "मॅडम, अल्लाह शिफा दे" म्हणून गेला. एवढं मोठं कमिशन हातचं गेलं, पण माणसानं कपाळाला आठी घातली नाही.

रविवार, १९ नोव्हेंबर

आज बागेत फिरायला गेलो नाही. मीठ कमी केल्यानं सूज उतरली, असं मी बागेतल्या चार म्हाताऱ्यांना सांगून ठेवलं आहे. त्यांतल्या दोघांनी लोणचं सोडलं.

आधी राग आला होता, आता नाही. आता भीती वाटते. जिन्यात ती पायरीवर बसली आणि मी तिला आजाराची व्याख्या सांगत होतो, तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता. सगळं मी डोळ्यांनी बघत होतो. बसून झोपणं, खोकला, पाय. एकही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. प्रत्येकीला मी काहीतरी दुसरंच नाव दिलं, कारण खरं नाव घेतलं असतं तर फॉर्म बिघडला असता.

श्रीरंग कामावरून आल्यावर जवळ येऊन बसला. "बाबा, परत जायचं वगैरे डोक्यातून काढा. कार्डावर सगळं होतंय. फुगा घालून झडप मोकळी करतात, चिरायला लागत नाही. पण तिच्या केसमध्ये जमेल की नाही ते मोठ्या डॉक्टर ठरवणार आहेत. तीन डिसेंबरची अपॉइंटमेंट आहे. तुम्ही येणार का?"

"न येऊन कसं चालेल?" मी म्हटलं. माझंही कार्ड काढायला घाल, असंही सांगितलं. त्यानं लगेच खिशातून माझे फोटो काढून दाखवले. पोरगं माझ्याहून हुशार निघालं, त्याचा आनंद आहे.

रविवार, ३ डिसेंबर

रमजान असल्यानं हॉस्पिटलची वेळ कमी आणि गर्दी तीच. बिलकीसला रोजा असूनही ती आमच्याआधी येऊन नंबर लावून उभी होती. बायकांची रांग खरोखरच वेगळी आहे आणि भराभर सरकते. कार्ड दाखवलं, फाईल निघाली, आत सोडलं. रक्कम कोणी विचारली नाही, अटी कोणी वाचून दाखवल्या नाहीत. मला सारखं वाटत होतं, आता कोणीतरी मागून हाक मारून थांबवणार.

मोठ्या डॉक्टर सुदानच्या. उंच, मवाळ आवाजाच्या, इंग्रजी स्वच्छ. त्यांनी कुंदाला तपासलं, यंत्रावरचं चित्र बघितलं आणि विचारलं, हा त्रास कधीपासून?

मी भाषांतर केलं. कुंदा म्हणाली, "सांगा, दोन-तीन महिन्यांपासून."

मला तिच्या मनातलं कळलं. जुनं दुखणं म्हटलं की या बाई सांगतील, जा आपल्या देशात, तिथे करून घ्या. सगळ्या जन्मात माझ्याकडून तिनं विम्याचं एवढंच शिकून ठेवलं आहे, की जुनं दुखणं कबूल करायचं नसतं. दारात उभं करत नाहीत.

डॉक्टर मला म्हणाल्या, जितकं मागचं कळेल तितकं बरं. झडप किती वर्षं खराब आहे, त्यावर फुगा घालायचा की नाही ते ठरतं. चुकीचं कळलं तर त्यांच्या जिवाला धोका.

मी भाषांतर केलं नाही. मीच बोलायला लागलो. सप्टेंबरात दोन मजले चढताना ती मध्येच पायरीवर बसली, ते सांगितलं. मे महिन्यातली चक्कर आणि न काढलेला फोटो सांगितला. त्याआधीचं सांगितलं, की नाशिकला भाजी घेऊन येताना ती शेजारणीशी बोलायच्या निमित्तानं पहिल्या मजल्यावर थांबायची, आणि शेजारीण घरी नसली तरी थांबायची. श्रीरंग झाला तेव्हा पाय इतके सुजले होते, की डॉक्टरनं दुसरं मूल नको म्हणून बजावलं होतं. डॉक्टर भराभर लिहीत होत्या. लहानपणी कधी ताप, सांधे सुजणं? हो, मी म्हटलं, दहाव्या वर्षी. गुडघे सुजले होते, शाळेचं वर्ष गेलं होतं. तिच्या आईनं मला लग्नाआधी बाजूला घेऊन सांगितलं होतं.

कुंदा चकित होऊन माझ्याकडे बघत होती. तिला वाटायचं, मला यातलं काही ठाऊक नाही.

एकेक गोष्ट कागदावर उतरत होती, शिक्क्याच्या कागदावर, डॉक्टरच्या हातानं. आता जगातली कुठलीही कंपनी कुंदाचा विमा उतरवणार नाही, आणि तो मार्ग मी माझ्या तोंडानं बंद करत होतो. मला त्याचं काही वाटलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, हे सगळं आधी कळायला हवं होतं, पण अजून वेळ गेलेली नाही. पुढच्या महिन्यात इथेच फुगा घालू. आणखी काही आहे?

कुंदानं टेबलाखाली माझा हात दाबला. पुरे आता, असं तिला म्हणायचं होतं. डॉक्टरांनी नवं पान घेतलं, आणि मी पुढे सांगत राहिलो.